गंगाजळीचा हिशेब

दर शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचा आकडा येतो आणि परकीय चलनाच्या गंगाजळीत वाढ किंवा घट झाल्याचा मथळा वृत्तकक्षात तयार होतो. हा मथळा मी अनेकदा लिहिला आहे. गंगाजळी हा शब्द तेथे कसा आला, याचा विचार मात्र फार उशिरा केला. काशीहून आणलेले गंगेचे पाणी ज्या तांब्याच्या गडूत भरून, तोंड झाळून देवघरात ठेवतात, ती गंगाजळी. एरवी तिला कोणी हात लावीत नाही. घरातील माणसाचा अखेरचा श्वास घुटमळू लागला की ती फोडायची. जपून ठेवलेल्या पैशाला मराठीने हेच नाव दिले.

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाचा हिशेबाशी संबंध महिनाअखेरीपुरता. घरातील एक मुलगी यंदा वाणिज्य शाखेत दाखल झाली आणि तिच्या पुस्तकातील एका प्रश्नाने मलाही अडवले. धंद्यातील नफ्याचा जो भाग पुढच्यासाठी बाजूला काढतात, तो राखीव निधी. तो ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला न दाखवता देण्यांच्या बाजूला का दाखवतात? पैसा तर आपलाच आहे! पुस्तकाचे उत्तर असे की, धंदा आणि धंद्याचा मालक या हिशेबाच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. राखीव निधी धंद्याजवळ असला तरी तो धंद्याने मालकाला देणे लागतो. पैसा कोठे आहे हे एका बाजूला लिहायचे आणि तो कोणाचा आहे हे दुसऱ्या बाजूला.

हे वाचताना ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे आठवले. केंद्रीय मंत्री म्हणून जे आपल्या स्मरणात आहेत त्यांचे हे आजोबा, १८७६ मध्ये जन्मलेले आणि १९२५ मध्ये निवर्तलेले. त्यांच्या घराण्याच्या गुप्त खजिन्याचे नावच गंगाजळी होते. तो पैसा कोठे आहे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माधवरावांनी आयुष्यभर शोधले, आणि पुष्कळसे मिळवलेही. दुसरा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही.

ग्वाल्हेरच्या दौलतीत हिशेबनिसांची वाण कधीच नव्हती. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द तेथे मोडी दप्तरांतून शतकभर नांदत होते. त्यात गोमंतकाचाही वाटा आहे. महादजी शिंदे यांचे नामांकित सरदार जिवबादादा केरकर मूळचे पेडणे महालातील केरीचे. इतिहास त्यांना बक्षी म्हणून ओळखतो. बक्षी म्हणजे फौजेची हजेरी आणि पगार यांचा कारभार पाहणारा अधिकारी. लढाईतील पराक्रमाची वर्णने आपण वाचतो, पण शिपायाचा पगार तुंबला की फौज जागची हलत नाही, हे त्या काळच्या प्रत्येक सेनापतीला पक्के ठाऊक होते.

पुढे १८५२ मध्ये देवरुखचे दिनकरराव राजवाडे ग्वाल्हेरचे दिवाण झाले. राज्याची आर्थिक घडी विसकटलेली होती. दिनकररावांनी जाचक कर रद्द केले, खात्याखात्यांतील खर्च कापला आणि कात्री स्वतःपासून चालवली. दरमहा ५ हजार रुपयांचे आपले वेतन त्यांनी २ हजारांवर आणले. आजच्या राज्यकर्त्यांना हा आकडा दाखवावा, असे कधी कधी वाटते.

त्यानंतर १८५८ चा जून आला. राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या फौजा ग्वाल्हेरात शिरल्या, महाराज जयाजीराव आग्र्याला निघून गेले आणि राज्याचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी तिजोरी क्रांतिकारकांच्या फौजेसाठी खुली केली. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर बांठियांना लष्करच्या सराफ बाजारात फाशी देण्यात आले. ज्या पेढ्यांवर रोज हुंड्या वटत, त्यांच्यासमोरच एका हिशेबनिसाचा देह लटकला. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, याचा धडा जयाजीरावांनी या प्रसंगातून घेतला असावा, असा माझा तर्क आहे.

जयाजीराव पैसा केवळ पुरून ठेवणारे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी त्यांनी १८७२ मध्ये ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच. पण दौलतीचा मोठा हिस्सा भुयारांत आणि भिंतींआड होता. १८५८ पासून ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. झाशी शहराच्या बदल्यात तो १८८६ मध्ये शिंद्यांना परत मिळाला. ग्वाल्हेरात सांगितली जाणारी कथा अशी की, इंग्रजांची पलटण जवळजवळ तीन दशके त्या खजिन्यावर राबता करत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. किल्ला हाती आल्यावर त्याच वर्षी २० जून रोजी जयाजीराव वारले. तळघरांच्या खुणांचे गुपित, ज्याला तेथे बीजक म्हणत, ते त्यांच्याबरोबर गेले. वारस माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे होते.

लेखाशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर राज्याजवळ मालमत्ता होती, पण ती कोणत्याही वहीत नव्हती. वहीत नसलेली मालमत्ता वारसाच्या दृष्टीने शून्य.

सर्वच काही बुडाले नव्हते. अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या कौन्सिलच्या हाती मोठी रोकड लागली आणि १८८७ मध्ये त्यातून तब्बल साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला कर्ज म्हणून देण्यात आले. या व्यवहाराकडे दोन प्रकारे पाहता येते. जमिनीखाली निजलेला पैसा व्याज आणू लागला, हा एक भाग. दुसरा असा की, ज्या सरकारचा रेसिडेंट दरबारावर नजर ठेवून होता, तेच सरकार ऋणको झाले, आणि नऊ-दहा वर्षांच्या धनकोला त्यात बोलण्याचा अधिकार नव्हता. कर्ज दिले की घेतले गेले, हा शब्दांचा खेळ नाही.

१५ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, माधवरावांना पूर्ण अधिकार मिळाले. वाणिज्य नावाचा विषय शिकवणारे महाविद्यालय तेव्हा देशात कोठेच नव्हते. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज, जे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते, ते निघाले १९१३ मध्ये. माधवराव शिकले ते कचेरीत बसून, फायली वाचून आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारून. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे २५ हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या गोव्याच्या सतरापट. इतक्या विस्ताराच्या राज्याचा कारभार मानकऱ्यांच्या स्मरणशक्तीवर चालू शकत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. प्रत्येक खात्याने काय करायचे, कोणते कागद ठेवायचे, कोणी कोणाला जाब द्यायचा, याची लांबलचक टिपणे त्यांनी तयार करवली. पद्धत लिहून काढण्याची ही हौस एवढी की, वाघाची शिकार कशी आखावी यावरही त्यांनी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाबद्दल आज कौतुक वाटणे कठीण आहे, पण माणसाचा स्वभाव त्यातून कळतो.

लोकांना माधवराव माहीत असतात ते चांदीच्या आगगाडीमुळे. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांब टेबलावर रुळ बसवलेले आहेत. त्यांवरून चांदीची छोटी गाडी मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरत असे. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात आणि राजेशाही चैनीवर दोन शब्द बोलून पुढे जातात. पण त्या हौशी राजाने खरी आगगाडीही बांधली. राजवाड्याच्या परिसरात सुरू झालेला दोन फुटी रुळांचा मार्ग भिंड, शिवपुरी आणि पुढे १९०९ पर्यंत श्योपूर असा पसरला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे २०० किलोमीटरचे. चंबळ खोऱ्याच्या ज्या भागात बैलगाडीला दिवसच्या दिवस लागत, तेथे धान्य आणि माणसे या अरुंद गाडीतून फिरू लागली. माधवराव स्वतः इंजिन चालवीत. ही गाडी २०२० पर्यंत धावत होती. एकाच माणसाच्या एकाच छंदातून एक खर्च निघाला आणि एक गुंतवणूक निघाली. कोणता खर्च महसुली आणि कोणता भांडवली, हे समजावून देण्यासाठी शिक्षकांना याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

आगगाडी सुरू होत होती त्याच सुमारास, १८९९-१९०० मध्ये, उत्तर हिंदुस्थान ज्याला छपन्या म्हणतो तो दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून छपन्या. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत ग्वाल्हेर राज्याची लोकसंख्या सुमारे १३ टक्क्यांनी घटली आणि १९०१ च्या शिरगणतीत ती २९ लाख ३३ हजार भरली. त्यातले किती मेले आणि किती गाव सोडून गेले, हे एका टक्केवारीतून उमगत नाही. जमीनमहसूल हाच राज्याचा मुख्य आधार, आणि शेतच उजाड झाले की जमेची बाजू कोरडी पडते. १९०० मध्येच माधवराव इंग्रजांच्या मोहिमेबरोबर चीनला गेले आणि ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णवाहू जहाज त्यांनी मोहिमेला दिले. साम्राज्याच्या दरबारात त्याची वाहवा झाली. घरी दुष्काळ असताना हे जहाज कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही. मी तो विचारण्याचे धाडस आज करतो.

गंगाजळीचा उरलेला भाग माधवरावांना कसा मिळाला, याच्या कथा अनेक आहेत. कोणी म्हणते, अंधाऱ्या वाटेवर पाय घसरला, आधारासाठी खांबाला हात लावला आणि खांब फिरला. कथेतील रंग कथेला लखलाभ. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे. हाती आलेला पैसा त्यांनी पुन्हा भुयारात ठेवला नाही.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. जमशेटजी टाटा तीन वर्षांपूर्वी वारले होते. लंडनच्या पेठेत भांडवल उभारण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा दोराबजींनी स्वदेशीच्या त्या दिवसांत देशातील लोकांकडेच हात पसरला. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे सारे भाग उचलले. सकाळपासून रात्रीपर्यंत टाटांच्या कचेरीसमोर रांगा लागत. कारखाना उभारण्याचा पैसा झाला, पण खेळते भांडवल उरले. लोखंड वितळण्यापूर्वी कोळसा घ्यावा लागतो, मजुरी चुकवावी लागते आणि माल विकून पैसा येईपर्यंत तग धरावा लागतो. यासाठी ४ लाख पौंडांचे, म्हणजे त्या काळच्या दराने ६० लाख रुपयांचे कर्जरोखे काढण्यात आले. ते सगळेच्या सगळे एकट्या माधवराव शिंद्यांनी घेतले.

या घटनेचा उल्लेख देशभक्तीचा दाखला म्हणून होतो आणि तो अस्थानी नाही. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. भाग घेणारा कंपनीचा मालक होतो. नफा झाला तर त्याला लाभांश, न झाला तर काही नाही, आणि कंपनी बुडाली तर सर्वांत शेवटी त्याचा विचार. कर्जरोखे घेणारा धनको असतो; ठरलेले व्याज त्याला आधी मिळते आणि बुडत्या कंपनीच्या मालमत्तेवर त्याचा हक्क आधी लागतो. म्हणजे साकचीच्या जंगलात पोलाद निघेल की नाही ही जोखीम घेतली ती त्या ८ हजार लोकांनी, आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली ती बाजू तुलनेने सुरक्षित होती. मला यात उणेपणा दिसत नाही. पैसा राज्याचा असेल तर राजाने असेच वागावे. १९१२ च्या फेब्रुवारीत साकचीला पहिले पोलाद निघाले. पुढे महायुद्धानंतरच्या मंदीत कंपनी इतकी अडचणीत आली की १९२४ मध्ये दोराबजींना वैयक्तिक संपत्ती गहाण ठेवावी लागली. ती वेळ पाहिली म्हणजे माधवरावांची सावधगिरी भित्रेपणाची वाटत नाही.

राज्यातही त्यांनी पैसा फिरता ठेवला. १९०५ मध्ये गुराढोरांच्या बाजारापासून सुरू झालेली ग्वाल्हेरची जत्रा आज मोठा व्यापार मेळा म्हणून भरते. चिनी मातीच्या भांड्यांचा आणि चामड्याचा असे कारखाने निघाले. १९२१ मध्ये बिर्लांनी ग्वाल्हेरात कापडगिरणी काढली आणि तिला माधवरावांच्या वडिलांचे, जियाजीरावांचे, नाव दिले. मुंबईचे वित्ततज्ज्ञ फ्रामरोज एदलजी दिनशा त्यांचे आर्थिक सल्लागार होते. राजाने ज्योतिष्याऐवजी वित्ततज्ज्ञाला विचारावे, हा बदलही लहान नव्हता.

सगळेच साधले असे नाही. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिगरा धरण बांधले गेले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये पाण्याच्या लोंढ्यापुढे ते फुटले. खालच्या गावांत फार मोठी प्राणहानी झाली. धरण पुढे दुरुस्त झाले आणि आजही ग्वाल्हेर शहर त्याचेच पाणी पिते. ताळेबंदात त्या वर्षी बांधकामाचे नुकसान लिहिले गेले असेल. वाहून गेलेल्या माणसांसाठी कीर्दीत रकाना नसतो.

हिशेब जाणणारी माणसे आयती मिळत नाहीत, म्हणून सरदारांच्या मुलांसाठी त्यांनी १८९७ मध्ये शाळा काढली. किल्ल्यावरची आजची सिंदिया स्कूल ती हीच. बापाच्या तलवारीवर मुलाने कचेरीत खुर्ची मिळवावी, हा रिवाज त्यांना मोडायचा होता, पण मोडायला घेतला तो सरदारांच्याच मुलांपासून. रयतेच्या मुलांसाठी शहरात व्हिक्टोरिया कॉलेज होते. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते त्याच्या देखण्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि स्वातंत्र्यानंतर त्याला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. ज्या राणीने ग्वाल्हेरची तिजोरी घेतली तिचेच नाव. अटलबिहारी वाजपेयी याच महाविद्यालयात शिकले. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या साहाय्याने संगीत विद्यालयही निघाले. घराण्यात बंद असलेली गायकी स्वरलिपीच्या वहीत उतरवण्याचा तो उद्योग माधवरावांच्या स्वभावाला फार जवळचा होता, असे वाटते.

त्यांच्या द्वितीय पत्नी गजराराजे गोव्याच्या राणे घराण्यातील. ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. सत्तरीच्या डोंगरात पोर्तुगीजांविरुद्ध वारंवार उठलेल्या राण्यांची लेक चंबळकाठच्या दरबारात गेली आणि तिच्याच पोटी १९१६ मध्ये वारस जिवाजीराव जन्मले.

५ जून १९२५ रोजी माधवराव पॅरिसमध्ये वारले. वय अवघे ४८. जिवाजीराव तेव्हा नववे वर्ष पुरे करत होते, म्हणजे जवळजवळ त्याच वयाचे, ज्या वयात माधवरावांनी बाप गमावला होता. पुन्हा कौन्सिल नेमले गेले, पुन्हा अल्पवयीन राजा. फरक एवढाच, आणि तो मोठा होता, की या वेळी भिंती ठोठावून पाहण्याची गरज कोणाला पडली नाही. कोणते रोखे, कोणते कारखाने, कोणाकडून किती येणे, हे कागदावर होते. १९३६ मध्ये जिवाजीरावांनी कारभार हाती घेतला.

तो पैसा कोणाचा, हा प्रश्न मात्र तसाच पडून होता. मराठी राज्यांत खासगी आणि दौलत असे दोन शब्द होते, दोन दप्तरेही असत, पण दोघांवर शिक्का एकाच हाताने उमटे. शेतकऱ्याच्या साऱ्यातून जमलेली रक्कम भुयारात असताना ती कोणाची हे विचारायचे कारणच नव्हते. कर्जरोखे झाले, व्याज येऊ लागले, तेव्हा ते विचारणे भाग होते. माधवराव शिस्तीचे, कष्टाळू, आपल्या काळातील बहुतेक संस्थानिकांहून कितीतरी उजवे. तरीही देण्यांच्या बाजूला रयतेचे नाव त्यांनी लिहिले नाही. त्या काळी कोणत्या राजाने लिहिले असते, हे मला सांगता येणार नाही.

१९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्यभारत राज्य झाले आणि जिवाजीराव त्याचे राजप्रमुख बनले. राजाची खासगी मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती, याच्या याद्या तेव्हा दिल्लीत समोरासमोर बसून तपासल्या गेल्या. त्या वाटाघाटींत गंगाजळी निधीचा विषय स्वतंत्रपणे निघाला. तो ना राजाच्या खासगी यादीत गेला, ना सरकारच्या तिजोरीत. मध्यभारतातील लोकांच्या हितासाठी त्याचा विश्वस्त निधी करण्यात आला.